दोष सुनेचा नव्हता, बोर्डाचा होता

स्वयंपाक चालू असेल तर चालू द्या, हात कामात आणि कान इकडे असले तरी चालेल. मात्र घरातली शिकलेली पोर किंवा सूनबाई जवळ असेल तर तिलाही हाक मारा, कारण आजचं बोलणं तिच्या कामाचं आहे.

आज आपण छपाईच्या मशीनबद्दल, म्हणजे लेझर प्रिंटरबद्दल बोलणार आहोत. आता गटागटातून हे मशीन यायला लागलंय. 2024 साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना आपण सगळ्यांनीच झेरॉक्ससाठी किती खेपा घातल्या ते आठवतंय ना? आधारची झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स, रेशनकार्डाची झेरॉक्स. कागदाला दोन रुपये आणि जामखेडला जायचं-यायचं भाडं वेगळं, त्यात अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची. तेव्हाच आमच्या एका गटात विषय निघाला की हे मशीन आपल्याच गावात का नको?

गटात अकरा जणी. ठराव झाला, अंतर्गत कर्ज मंजूर झालं आणि मशीन एका आक्कांच्या घरी बसलं. आक्कांची धाकटी सून बारावी झालेली, मोबाईल-कॉम्प्युटर येणारी. तिने मशीन चालवायचं, आक्कांनी पैशाचा हिशोब ठेवायचा, हप्ता महिन्याच्या बैठकीत भरायचा असं ठरलं. पहिल्या दिवशी मशीनला हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले. पोरांच्या शाळेचे कागद निघाले, गटाचे फॉर्म निघाले. सगळ्या खूश.

आठ-दहा दिवसांनी कुरकुर सुरू झाली. छपाईची आज्ञा दिली की मशीन घुरघुरायचं, खोलीतला दिवा मिणमिणायचा आणि मशीन धप्पकन बंद. परत चालू केलं की दोन कागद निघायचे, तिसऱ्याला पुन्हा बंद. एकदा कागद अर्धा आत, अर्धा बाहेर अडकला. गिऱ्हाईक दारात उभं. आक्का म्हणाल्या, "हिला काही जमत नाही, हिने काहीतरी दाबलं असणार." शेजारणी म्हणाल्या, "एवढं महागाचं मशीन लेकरांच्या हातात दिलंच कशाला?" घरातला दादला म्हणाला, "इन्व्हर्टरवर लावा." इन्व्हर्टरवर लावलं तर त्याने टीं-टीं असा ओरडा केला आणि त्याचा फ्यूज गेला. तोही दोष सुनेच्याच माथी.

दोन हप्ते थकले. बैठकीत आक्का म्हणाल्या, "मशीन परत करा, माझ्या घरात नको." आणि ती पोर? तिने मशीनला हात लावणं बंद केलं. आम्ही घरी गेलो तर चुलीपुढे बसून भाकरी थापत होती, डोळे लाल. एवढंच म्हणाली, "ताई, मी काही केलं नाही हो."

मैत्रिणींनो, त्या दिवशी आम्ही ठरवलं की कोणाला दोष द्यायच्या आधी मशीनचं दुखणं नीट बघायचं. आपण जामखेडच्या बाया आहोत. 1970 साली डॉक्टर रजनीकांत आणि डॉक्टर मेबल आरोळे यांनी इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा अक्षरओळख नसलेल्या बायाही बाळाचं वजन करायला, बाळंतपण सांभाळायला शिकल्या. त्याच तालुक्यातल्या आपण. विजेचं मशीन का थांबतं ते आपल्याला कळणार नाही, असं कसं होईल?

आधी हे मशीन काम कसं करतं ते समजून घेऊ. लेझर प्रिंटर आणि झेरॉक्सचं मशीन या सख्ख्या बहिणी. दोघींत शाई ओली नसते, काळी बारीक भुकटी असते. तिला टोनर म्हणतात. झेरॉक्सच्या या पद्धतीचं मूळ नाव ग्रीक भाषेतलं आहे आणि त्याचा अर्थच कोरडं लेखन असा आहे. ही भुकटी कागदावर अक्षराच्या आकारात बसते, पण नुसती बसून भागत नाही, बोट फिरवलं तर पुसून जाईल. म्हणून कागद दोन गरम रुळांमधून जातो. तिथे साधारण 180 ते 200 अंश उष्णता असते. त्या उष्णतेने भुकटी वितळून कागदाला चिकटते. म्हणून तर नुकताच निघालेला कागद हाताला गरम लागतो.

म्हणजे या मशीनच्या पोटात एक इस्त्रीच आहे. सगळी गोम इथेच आहे. मशीन नुसतं चालू ठेवलं तर ते जेमतेम काही वॅट वीज खातं. पण छपाईची आज्ञा दिली की आतली इस्त्री पेटते आणि त्या क्षणाला ते आठशे-हजार वॅट मागतं. तुलना करा. आपला एलईडी दिवा 9 वॅटचा, जुना पंखा 75 वॅटच्या आसपास, मिक्सर 500 ते 750 वॅटचा. हजार वॅट म्हणजे 230 व्होल्टवर सव्वाचार अँपिअरच्या वर वीज एकदम ओढली जाते. रूळ तापला की ओढ थांबते, थोडा निवला की परत ओढ. म्हणून छापताना दिवा किंचित लुकलुकला तर लगेच घाबरायचं कारण नाही. पण दिवा मिणमिणा होत असेल, पंखा मंदावत असेल, मशीनच बंद पडत असेल, तर ते दुखणं आहे.

आता इन्व्हर्टर का ओरडला ते तुमच्याही लक्षात आलं असेल. कॉम्प्युटरला लावतो तो 600 व्हीएचा छोटा यूपीएस साधारण 360 वॅटच पेलतो. घरचा इन्व्हर्टर दिवे-पंख्यांसाठी बसवलेला असतो. पाटी उचलणाऱ्या पोराच्या डोक्यावर धान्याचं पोतं ठेवल्यासारखं झालं ते. म्हणून पहिला नियम पाठ करा: लेझर प्रिंटर यूपीएसवर लावायचा नाही, दिव्यापंख्याच्या इन्व्हर्टरवरही लावायचा नाही. कॉम्प्युटर यूपीएसवर राहू द्या, प्रिंटर सरळ भिंतीतल्या विजेवर.

मग आक्कांच्या घरी आम्ही काय केलं? गटात आपण जे करतो तेच. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र कोणतं? लेखे लिहिणं. एक दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले. तारीख, वेळ, मशीन कोणत्या बोर्डाला लावलं होतं, घरात त्या वेळी आणखी काय चालू होतं, शेजारची पिठाची गिरणी चालू होती का, शेतीच्या मोटारी चालू होत्या का, आणि मशीनने काय केलं. लिहायला सुनेलाच बसवलं. आक्का नाराज होत्या, पण म्हणाल्या, "बघा करून."

आठ दिवसांत नऊ वेळा मशीन बंद पडलं. नऊ नोंदी समोर ठेवून सगळ्या बसलो. कोणी म्हणालं, गिरणीमुळे होतंय. वही म्हणाली, नाही, पाच वेळा गिरणी बंद होती. कोणी म्हणालं, मोटारींमुळे. वही म्हणाली, तीन वेळा रात्री साडेआठला बंद पडलं, तेव्हा मोटारी नव्हत्या. एक गोष्ट मात्र नऊही नोंदींत सारखी होती. मशीन पुढच्या खोलीतल्या बोर्डाला, तिथून ओढलेल्या एक्स्टेन्शनवर होतं. त्याच एक्स्टेन्शनवर टीव्ही, मोबाईलचा चार्जर आणि उन्हाळ्यात कूलरही.

मग दुसरी परीक्षा. मशीन पूर्ण निवू दिलं, दोघींनी आडवं न करता उचललं आणि स्वयंपाकघरात नेऊन मिक्सरच्या पॉइंटला थेट लावलं. मध्ये एक्स्टेन्शन नाही. तीन दिवस संध्याकाळी, गिरणी जोरात चालू असताना छापलं. चाळीस कागद निघाले. एकदाही मशीन बंद पडलं नाही.

तेव्हा आक्काच म्हणाल्या, "मग हे त्या खोलीचंच काहीतरी आहे."

वायरमन बोलावला. त्याने आधी मेन स्विच पाडला, मगच पुढच्या खोलीतला बोर्ड उघडला. आत न्यूट्रलच्या वायरीचा स्क्रू ढिला झालेला. वायरीचं टोक काळं पडलेलं, प्लास्टिक वितळून सुरकुतलेलं. आणि त्या बोर्डाच्या बरोबर खाली काय होतं? कागदाचे गठ्ठे, आणि त्याला लागून नातवाचं अंथरूण. खोलीत कोणी काही बोललं नाही. मशीन बंद पडत होतं म्हणून आपण त्याला शिव्या देत होतो. ते बंद पडलं नसतं तर तो बोर्ड उघडून बघायचं कोणाच्या मनात आलं असतं?

आता तुम्ही विचाराल, बोर्ड बिघडलेला होता तर त्यावर टीव्ही आणि चार्जर कसे चालत होते? पाण्याच्या नळीचं बघा. नळीत कुठे खडा अडकलाय. बारीक धार सोडली तर पाणी आरामात जातं, खड्याचा पत्ताही लागत नाही. तोटी पूर्ण उघडली की धार पडते. ढिल्या वायरीचं तसंच. चार्जर म्हणजे बारीक धार, प्रिंटर म्हणजे पूर्ण उघडलेली तोटी. प्रिंटरने जोरात वीज ओढली की त्या ढिल्या जागी व्होल्टेज पडायचं, दिवा मिणमिणायचा, मशीन बंद व्हायचं. आणि जी वीज मशीनपर्यंत पोचली नाही ती त्या जागी उष्णता होऊन वायर जाळत होती. म्हणून "चार्जर चालतो म्हणजे बोर्ड चांगला" हे खरं नाही.

खर्च किती आला? मशीनसाठी जाड तांब्याच्या वायरीचा वेगळा पॉइंट काढला, त्याला स्वतःचा एमसीबी म्हणजे आपोआप पडणारा स्विच बसवला, बोर्ड बदलला. सगळं मिळून दोन हजारांच्या आत. त्याआधी एका दुकानदाराने आम्हाला सांगितलं होतं, "व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, स्टॅबिलायझर घ्या." चार हजारांचा स्टॅबिलायझर घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. घेतला असता तर पैसे गेले असते आणि भिंतीतली वायर जळतच राहिली असती. स्टॅबिलायझर वाईट नाही. गावात व्होल्टेज खरंच कायम कमी असेल, वायरमनने मीटर लावून तसं दाखवलं, तर जरूर घ्या आणि प्रिंटरच्या भाराला पुरेल असा मोठा घ्या. पण आधी मोजा, मग पैसे घाला. ढिल्या स्क्रूला स्टॅबिलायझर हे औषध नाही.

आता वही-पेन घ्या. तुमच्या मशीनने त्रास दिला तर काय बघायचं ते क्रमाने सांगतो.

मशीन अजिबात चालूच होत नसेल तर आधी साध्या गोष्टी बघा. मशीनच्या मागे जिथे वायर खोचतात तिथे ती पूर्ण आत गेली आहे का? कित्येकदा झाडताना ओढली जाते. त्याच पॉइंटला दुसरी वस्तू चालते का? मशीन झोपलेलं तर नाही? ही मशीनं काही वेळ काम नसलं की वीज वाचवायला आपोआप झोपतात, काही तर पूर्ण बंदही होतात. बटण एकदा दाबून बघा. तरी नाही, तर स्विच बंद करून वायर काढा, दोन-चार मिनिटं थांबा, एक्स्टेन्शन न लावता थेट भिंतीतल्या पॉइंटला लावा. तरीही नाही, तर मग दुकानात किंवा कंपनीच्या केंद्रात न्या.

मशीन चालू होतं पण छापताना बंद पडतं, असं असेल तर आक्कांच्या घरची गोष्ट आठवा. एक्स्टेन्शन काढा, दुसऱ्या खोलीत लावून बघा, नोंद ठेवा. छापून झाल्यावर स्विच बंद करा आणि प्लग काढून त्याला हात लावून बघा. प्लग गरम लागला, पिना काळ्या दिसल्या, जळका वास आला किंवा बोर्डातून चरचर आवाज आला, तर तो पॉइंट त्याच क्षणी वापरायचा बंद. वायरमन येईपर्यंत तिथे काहीही लावायचं नाही.

दिवे मिणमिणत असतील तर शेजारी डोकवा. फक्त आपल्या घरात होतंय की सगळ्या आळीत? आपल्याच घरात असेल तर दोष घरातल्या वायरिंगचा किंवा आपल्या जोडणीचा. सगळ्या आळीत असेल तर लाईनचा किंवा डीपीचा, तिथे आपला वायरमन काही करू शकत नाही. आणि हे नीट ऐका. कधी एकदम दिवे नेहमीपेक्षा लखलखीत झाले, पंखा सुसाट पळायला लागला, तर खूश होऊ नका. डीपीवरची न्यूट्रल तुटली की काही घरांत व्होल्टेज फार वाढतं आणि टीव्ही, फ्रिज, प्रिंटर एका झटक्यात जळतात. आधी मेन स्विच पाडा, मग तक्रार करा. महावितरणचा तक्रारीचा नंबर 1912. टोल फ्री नंबर 1800-212-3435 आणि 1800-233-3435. फोन करताना वीजबिल हातात ठेवा, त्यावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक विचारतात. तक्रारीचा क्रमांक मिळेल, तो वहीत लिहा.

मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते अर्थिंगचं दुखणं समजा. "थोडंसंच येतं" म्हणून चालवत राहू नका. तीन पिनांच्या प्लगातली जाड पिन अर्थिंगची असते, ती मोडून दोन पिनांच्या बोर्डात खुपसायची नाही. आपल्या भागात उन्हाळ्यात जमीन किती कोरडी पडते ते आपल्याला माहीत आहे. मातीत ओल नसली की अर्थिंगही नीट काम करत नाही. घराबाहेर अर्थिंगचा खड्डा असेल तर तुळशीला घालता तसं त्यालाही अधूनमधून पाणी घाला आणि वर्षातून एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

वीज गेली तर? प्रिंटरचा स्विच बंद करून ठेवा. वीज परत येताना कधी कधी झटका येतो. आल्यावर पाच मिनिटं थांबा, दिवे स्थिर झाले की मग लावा. छापता छापता वीज गेली आणि कागद आत अडकला तर घाई करू नका. आतला रूळ तापलेला असतो, हात भाजेल. स्विच बंद करा, झाकण उघडा, अर्धा तास निवू द्या, मग कागद दोन्ही हातांनी ज्या दिशेने तो चालला होता त्याच दिशेने हळूच ओढा. पावसाळ्यात ढग गडगडायला लागले की प्लग काढा आणि कॉम्प्युटरला जोडणारी वायरही काढा.

कोणाचा भाऊ-दीर परदेशातून प्रिंटर आणणार असेल तर मागची पट्टी आधी वाचायला सांगा. मोबाईलचा चार्जर कुठल्याही देशात चालतो, पण लेझर प्रिंटरचं बहुधा तसं नसतं. तिथला 110 व्होल्टचा प्रिंटर आपल्या 230 व्होल्टला लावला तर तो जळेल. आपल्याकडचा असेल तर पट्टीवर 220 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असतं.

शेवटचं, कागदपत्रांचं. पक्कं बिल घ्या आणि गटाच्या फायलीत ठेवा. वॉरंटी किती महिन्यांची, ते बिलावर लिहून घ्या. वॉरंटी चालू असताना मशीनचे स्क्रू घरी उघडू नका. मशीनच सदोष निघालं आणि विकणारा दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाईनचा नंबर 1915 आहे. आपली नोंदवही इथेही कामाला येते. "सारखं बंद पडतं" म्हणण्यापेक्षा "आठ दिवसांत नऊ वेळा, या तारखांना, या वेळेला" असं म्हटलं की समोरचा नीट ऐकतो.

आणि एक हात जोडून विनंती. बोर्ड उघडणं, वायर जोडणं आपण करायचं नाही. आपलं काम बघणं, मोजणं, लिहिणं आणि वेळेवर स्विच पाडणं. बाकीचं जाणत्या वायरमनचं.

आता आक्कांच्या घरचं सांगून थांबतो. पुढच्या बैठकीत आक्का उभ्या राहिल्या. अकरा जणींसमोर म्हणाल्या, "मी पोरीला उगाच बोलले. दोष तिचा नव्हता, बोर्डाचा होता." सून खाली मान घालून इतिवृत्त लिहीत होती. तिने हेही लिहू का, असं हळूच आम्हाला विचारलं. आम्ही आक्कांकडे बघितलं. आक्का म्हणाल्या, "लिही की. माझी सही घे खाली."

थकलेले दोन्ही हप्ते पुढच्या तीन महिन्यांत भरून निघाले. ती वही अजून मशीनशेजारी दोरीला टांगलेली आहे. आता गटातल्या आणखी दोघी छापायला शिकल्या. आणि आक्का? घरात आल्या की आधी बोर्डाजवळ जाऊन वास घेतात, मग चहा टाकतात.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात आज रात्री जेवणं झाली की एकच करा. एक्स्टेन्शनचा स्विच बंद करा, सगळे प्लग काढा आणि पिना काळ्या पडल्यात का ते बघा. बोर्डाखाली कागद, कपडे, लेकराचं अंथरूण असेल तर आजच हलवा. पुढच्या बैठकीत कोणाला काय दिसलं ते एकमेकींना सांगा.